घोळ माशाच्या कानातले दगड

समुद्र पाहिला नव्हता तेव्हाच मी समुद्रातल्या माशाचं वय काढायला बसले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं माझं शेवटचं वर्ष होतं. आमच्या बाईंनी कोकणातल्या माहेराहून एका मोठ्या घोळ माशाच्या कानातले दोन दगड आणले होते. पांढरे, शेंगदाण्याएवढे. झाडाच्या खोडात असतात तशी वर्षांची वर्तुळं त्यांच्यातही असतात. "नीट घास, वय काढ, टिपण लिही. मग समुद्राकाठच्या कॉलेजात तुझ्यासाठी शब्द टाकते," बाई म्हणाल्या.

मला जायचंच होतं. मायचं मात्र नाई म्हणजे नाई. एवढ्या दूर एकटी पोरगी कशी राहील, हे एकच पालुपद.

दिवाळीच्या सुट्टीत दगड घेऊन नागभीडजवळच्या आमच्या गावी आले. विळ्याला धार लावायच्या पाथरावर पहिला दगड घासायला घेतला. चिमटीतून तो सारखा निसटायचा. मी चिडून जोर लावला आणि त्याचे तुकडे झाले. मी ढसाढसा रडले. आता एकच उरला होता.

माय धानकापणीसाठी विळे तयार करत होती. आमच्याकडे विळ्याचं पातं मुठीत पक्कं बसावं म्हणून पळसाची लाख तापवून ओततात.

"रडून का होते? आन तो गोटा इकडे," ती म्हणाली. जुन्या मुठीच्या टोकाला तिनं गरम लाख लावली, दगड अर्धा आत रुतवला आणि निवू दिला. "घे. आता घास. सावकाश."

परवानगी द्यायची नाही आणि मदतीला मात्र सगळ्यांच्या पुढे, अशी आमची माय. तिच्या या स्वभावाचे माझ्यावर किती उपकार आहेत, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली रेघा दिसल्या. भरल्या पोटाच्या दिवसांचा रुंद पट्टा, मग ओढाताणीच्या दिवसांची बारीक रेघ. माय भिंगावर वाकली आणि बोटांवर मोजू लागली.

"अवं, हा तं आपल्या बारक्याच्या उमरीचा हाय!" बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा आठ वर्षांचा.

मग मी तिला सांगितलं की अंडी घालायच्या दिवसांत हे मासे एकत्र जमतात, आवाज काढतात. तो आवाज ऐकून नाववाले जाळी टाकतात आणि अख्खा थवा एकदम उचलला जातो. मोठे मासे आता फारसे सापडत नाहीत, असं बाईंच्या माहेरचे लोक म्हणत होते.

"म्हनजे मोहाचं झाडच तोडून राह्यले ते," माय म्हणाली. आमच्या गावात घराच्या वाटण्या झाल्या, बांधावरून डोकी फुटली, पण दरवर्षी फुलं देऊन घराला हातभार लावणाऱ्या बांधावरच्या मोहाला कुणी कुऱ्हाड लावली नाही. "त्यायले कोनी सांगत नाई काय?"

"सांगाले आधी मोजा लागते, माय. मोजनारेच कमी हायेत."

ती बराच वेळ दगडाची मूठ हातात फिरवत बसली.

"मंग तू जाय," ती म्हणाली. "अन् मोठा घोळ दिसला तं मले चिठ्ठी टाकजो."

किनाऱ्यावरच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तशा चिठ्ठ्या फार थोड्या लिहिता आल्या. तिनं पाठवलं म्हणून तेवढ्या तरी लिहिल्या.