ॲसिटिलीनच्या वासानं टँकर पळाला

लष्करी छावणीच्या पलीकडे शेतांचे प्लॉट पाडून नव्या वसाहती उठत होत्या. एका दुष्काळी वर्षी मी तिथं पत्र्याच्या एका खोलीत बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचो. घरं झाली होती, नळ यायचे होते. पाणी टँकरनं यायचं. खोलीची मालकीण एक मावशी. खुलताबादकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. दारातल्या ड्रमची राखणही त्या तशीच करायच्या.

अल्काइनच्या अभिक्रिया शिकवत असताना एक मुलगी म्हणाली, "सर, तिहेरी बंध तुटतो म्हणता, पण कुणी बघितलाय का तुटताना?"

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानातून कार्बाइडचे खडे आणले. त्यांवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो. तो परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यातून सोडला की रंग उडतो. बंध तुटल्याची ती खूण. सगळी तयारी झाली, पाणी तेवढं नव्हतं.

"मावशी, ग्लासभर पाणी द्या."

"प्यायला?"

"नाही, प्रयोगाला."

"प्यायला असंल तर तांब्याभर घ्या, मास्तर. प्रयोगाला थेंब नाय."

मग मी मुलांनाच एकेक करून प्यायला पाणी मागायला पाठवलं. चौथ्याला मावशींनी विचारलं, "आज काय मिरच्या चारल्या का रे मास्तरनं?" पण पाणी दिलं. प्रत्येकानं दोन घोट पिऊन उरलेलं आणलं.

कार्बाइड फसफसलं. नळीतून बुडबुडे आले, जांभळा रंग उडाला, तळाशी तपकिरी गाळ बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सडक्या लसणासारखा वास पत्र्याच्या फटींतून बाहेर गेला. नेमका टँकर गल्लीत शिरत होता.

"गॅस फुटला!" मावशी ओरडल्या. "पळा गं!"

टँकरसाठी लागलेली बायांची रांग मोडली. ड्रायव्हरनं टँकर तसाच मागं घेतला आणि दिसेनासा झाला. मी बाहेर आलो, तर गल्लीत नुसते हंडे आणि कोपऱ्यावर सगळ्या बाया, माझ्याकडं बघत.

"घाबरू नका," मी म्हणालो, "हा वास अशुद्धीचा आहे, मूळ वायूला फारसा..."

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "आधी गाडी काढा!"

मी स्कूटरवर टँकरच्या मागं लागलो. नाक्यावरच्या चहाच्या टपरीशी तो सापडला.

"उधर नक्को, सर. मेरेकू बाल-बच्चे हैं," ड्रायव्हर म्हणाला.

मी त्याला ॲसिटिलीन समजावून सांगितलं. तो आणखीच घाबरला. शेवटी म्हणालो, "भाई, लहसुन सड़ गया था."

"तो पहले बोलना था ना!" म्हणत तो उठला.

हंडे भरले. पण आधी कुणाचा हंडा होता यावरून जुंपली, ती अंधार पडेपर्यंत. मावशींनी मला बजावलं, "टँकर नाय त्या दिवशी करा, काय करायचं ते."

टँकर नाही त्या दिवशी पाणी कुठलं? हायड्रोजनची, ब्रोमीनची अभिक्रिया, सगळं पुढं फळ्यावरच उरकलं. मुलं मात्र प्रत्येक समीकरणाला विचारायची, "सर, ह्याला वास कसला येतो?"