पश्चिमेपासून अठरा अंश
नातीच्या नव्या कंपासपेटीतला कोनमापक हातात घेतला आणि मला इब्रामपूरचं आमचं शेणानं सारवलेलं अंगण दिसलं. मी तेव्हा सातवीत होते. खनिज नेणाऱ्या जहाजावर खलाशी असलेले माझे वडील वाटेतच आजारी पडून वारले आणि त्यांचा देह समुद्रातच सोडावा लागला. कंपनीच्या पत्रात जागा एवढीच लिहिली होती: बारा अंश उत्तर, बासष्ट अंश पूर्व. शाळेतले मास्तर पृथ्वीचा गोल घेऊन घरी आले. विषुववृत्तापासून बारा अंश वर, मूळ रेखावृत्तापासून बासष्ट अंश पूर्वेला, असं बोट सरकवत त्यांनी दोन्ही रेषा मिळतात तिथे पेन्सिलीनं ठिपका दिला. निळ्या रंगात तो नीट दिसतही नव्हता. आई म्हणाली, "मास्तरानु, माका ह्यो गोल समजना नाय. हयसून खंयच्या बाजूक तोंड करूचा, तेवढा सांगा." दुसऱ्या दिवशी मास्तर होकायंत्र आणि फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन आले. अंगणात त्यांनी चुन्यानं पूर्व-पश्चिम रेषा ओढली आणि पश्चिमेपासून दक्षिणेकडे, रात्री नकाशावरून हिशेब करून काढलेले अठरा अंश मोजून दुसरी रेषा काढली. ती गोठ्याच्या कुडापर्यंत गेली. "वहिनी, ह्या बाजूला," ते हळूच म्हणाले. आईनं तिकडे तोंड करून तांब्याभर पाणी सोडलं. पत्र आल्यापासून ती रडली नव्हती. तिथेच खाली बसून ती रडली. खूप वर्षांनी आई गेली, तेव्हा तिच्या अस्थी मी तेरेखोल नदीच्या मुखाशी समुद्रात सोडल्या. सोडण्याआधी ती दिशा पुन्हा एकदा मोजून घेतली.