मुरबाडच्या पुढचं एक गाव, शुक्रवार ते मंगळवार

डोंबिवली सोडायचं, हे मी एका रविवारी संध्याकाळी ठरवलं. माझी मुलगी ईरा, वय वर्षं सात, हॉलमध्ये सापशिडी खेळत होती. लाल सोंगटी तिची आणि हिरवीही तिचीच. एकदा या बाजूला बसायचं, एकदा त्या बाजूला, आणि हिरवीला साप चावला की तिकडे जाऊन थोडं रुसायचं. बिल्डिंगमधली मुलं त्या वेळी कुठल्या ना कुठल्या क्लासला असतात. धाकटा ओम चार वर्षांचा, त्याला सोंगट्या फक्त सोफ्याखाली लपवायला हव्या असतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि मला एकदम रडूच आलं.

नवऱ्याला, म्हणजे निखिलला, सांगितलं की आपण एखाद्या गावात राहायला जाऊ या. माझं काम घरूनच चालतं, त्यालाही आठवड्यातून तीनच दिवस ठाण्याला ऑफिसात जावं लागतं. तो म्हणाला, "बघ तू. मला कुठेही चालेल." लग्नाला नऊ वर्षं झाल्यामुळे मला कळतं की 'कुठेही चालेल' याचा अर्थ 'कुठेच जायचं नाहीये, पण भांडायचंही नाहीये' असा असतो. तरी मी ते 'हो' धरलं. ठाण्याला, वर्तकनगरला आईकडे फोन केला, तर ती म्हणाली, "लोक गाव सोडून इकडे आले, आणि तू उलटी गंगा वाहवतेयस." झालं, घरून पाठिंबा मिळाला.

तर असं करून फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दोन मुलं, एक बॅग खाऊ आणि आमची जुनी गाडी घेऊन मी एकटीच निघाले. ज्यांना असा फेरफटका मारायचाय त्यांच्यासाठी सांगते: कल्याणहून मुरबाड रस्त्याला लागायचं असेल तर शहाडचा पूल सकाळी आठच्या आत ओलांडा. मी नऊला पोचले आणि पुलावरच ओमची 'शू' या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. म्हारळ, वरप, कांबा मागे पडेपर्यंत शहर काही सुटत नाही. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी दिसली की मग जरा श्वास घेतल्यासारखं होतं.

पहिला थांबा गोवेलीच्या पुढे, एक बंगल्यांची स्कीम. कमानीवर मोर, आत हिरवळ, आणि शर्ट इन केलेला एक एजंट. "मॅडम, शनिवार-रविवार इथे पाय ठेवायला जागा नसते," तो अभिमानाने म्हणाला. मी विचारलं, "आणि बुधवारी?" तो म्हणाला, "बुधवारी एकदम शांतता! तुम्हाला शांतताच हवीये ना?" मला शांतता नको होती. शांतता घरी भरपूर आहे. पाणी पिऊन आम्ही निघालो.

दुसरा थांबा मुरबाड. स्टँडजवळ मिसळ छान मिळते, तिखट बेताने मागा. इथे भाड्याचे फ्लॅट आहेत, दवाखाने आहेत, इंग्लिश मीडियम आहे. एका सोसायटीत घर बघायला गेले तर जिन्यात अबॅकसच्या क्लासचा बोर्ड, त्याच्याखाली फोनिक्सचा, त्याच्याखाली 'येथे चपला काढू नयेत'. ईराने बोर्ड मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "आई, हे तर आपलंच घर आहे." पोरगी खरं बोलली. घरमालकांना कळवते म्हणून सांगितलं.

तिसरं ठिकाण ते गाव. टोकावड्याच्या अलीकडे हायवे सोडून डावीकडे आत जायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. शेवटचा पट्टा खडीचा आहे, गाडीचं पोट घासतं, पण समोर सह्याद्रीची भिंत अशी उभी राहते की घासू दे म्हणावं. ओळखीतून बाळूकाकांचा नंबर मिळाला होता. काकांनी अंबरनाथला कंपनीत नोकरी केली, रिटायर होऊन गावी परतले. घराला लागून नव्या सिमेंटच्या दोन खोल्या आहेत, त्या ते भाड्याने देणार होते. फोनवर म्हणाले होते, "या की. यात्रा हाय आमची, मज्जा यील पोरांना."

आणि खरंच मजा आली. मी इतकं जिवंत गाव आयुष्यात पाहिलं नव्हतं. गावदेवीची यात्रा, दोन रांगा दुकानं, रेवड्या, गोडी शेव, प्लास्टिकचे चष्मे, फुगे. प्रत्येक अंगणात माणसं आणि प्रत्येक अंगणात पोरं. रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांवर सगळीकडे एमएच झिरो फाइव्ह, आपल्या कल्याणचा नंबर. मी मनात म्हटलं, वा, इथल्या लोकांकडेही गाड्या आहेत, म्हणजे बरं चाललेलं दिसतंय. माझ्या अकलेचं हे प्रमाण इथे नोंदवून ठेवते.

तासाभरात ईराला मैत्रीण मिळाली. स्वरा तिचं नाव, तीही दुसरीत. दोघी हात धरून पळाल्या त्या थेट जेवायलाच उगवल्या. जेवायलासुद्धा आमच्याकडे नाही, स्वराच्या घरी. मी धावत गेले तर स्वराची आई वैशाली अंगणात पाच-सहा मुलांना ओळीने बसवून वाढत होती. तांदळाची भाकरी, वालाची उसळ. आणि माझा ओम, जो घरी चार घासांना चार गाणी मागतो, तो दुसरी भाकरी खात होता.

"अगं, मला हाक मारायची ना," मी ओशाळून म्हटलं.

"काय हाक मारायची त्यात? पोरं काय तुझी-माझी असतात का इथे? तूही बस, ताट घे," ती म्हणाली. मी बसले. कोणी मला न विचारता वाढलं, याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

शनिवारी पालखी, रविवारी कुस्त्या. बायकांनी मला भाकऱ्या थापायला बसवलं आणि माझ्या भाकरीचा आकार बघून मनसोक्त हसल्या. मी वैशालीला विचारलं, "तुमचं घर कुठलं?" तिने हात केला, "ते काय, देवळामागचं, निळ्या रंगाचं." मी आणखी एका बाईला विचारलं, "गावात मुलं बरीच आहेत ना?" ती म्हणाली, "अगो, पोरांना काय तोटा!" मला आणखी काय हवं होतं? रविवारी संध्याकाळी मी बाळूकाकांना सांगून टाकलं, "काका, आम्ही जूनपासून येतो. उद्या शाळा बघते फक्त." काका नुसते हसले आणि नव्या खोलीतला जास्तीचा पलंग बाहेर काढायला लागले, आमच्या सामानाला जागा हवी म्हणून.

सोमवारी सकाळी हॉर्नच्या आवाजाने जाग आली. बाहेर आले तर रस्त्यावर गाड्यांची रांग. डिकीत तांदळाच्या गोण्या, वालाच्या शेंगा, कोंबडीची खुराडी, मागच्या सीटवर पेंगुळलेली मुलं. बाळूकाकांची बायको, म्हणजे काकू, हातात डबा घेऊन एका इको गाडीत चढत होती. मी विचारलं, "काकू कुठे चालल्या?"

"विठ्ठलवाडीला, पोराकडं," काका म्हणाले. "नातवाची शाळा हाय ना. ती तितंच असते. यात्रेपुरती आलेली."

निळ्या घराला कुलूप लागत होतं. वैशाली जीन्समध्ये होती, केस ओले, घाईत. स्वरा गाडीतून ईराला हात हलवत होती. "अगं, तू कुठे राहतेस नक्की?" मी आता कुठे विचारलं. "नांदिवली, स्वामी मठाच्या पुढे. तू?" मी मानपाडा रोडला राहते, म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं. ती खूप हसली, नंबर दिला, "ये ना घरी!" म्हणाली आणि गाडी गेली. मला हसू आलं नाही. धूळ बसेपर्यंत मी तिथेच उभी होते आणि ईरा विचारत होती, "हे सगळे परत कधी येणार?"

मला गाव नाही, म्हणजे माझ्या माहेरालाच नाही. आजोबांनीच वाटणीची जमीन सोडून दिली आणि आम्ही तीन पिढ्यांचे ठाणेकर झालो. ज्याला गाव असतं त्याला हे सांगावं लागत नाही की यात्रेच्या दिवशी बघितलेलं गाव खरं धरू नये. आणि गावात उभ्या असलेल्या माणसाला 'घर कुठलं' विचारलं, तर तो गावातलंच दाखवणार. मला हे कोण सांगणार होतं?

तरी शाळा बघायला गेले. दोन खोल्या, स्वच्छ, भिंतींवर बाराखडी, आवारात पेरूचं झाड. पहिली ते चौथी मिळून पाच मुलं, त्यातली तिघं वरच्या ठाकरवाडीतून चालत येणारी. बाई तरुण होत्या, रोज बदलापूरहून येतात. आम्हाला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला की मला अपराधी वाटलं. मी सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"ताई, एक मूल वाढलं तरी मला हवंच आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दुसरीत कोणीच नाहीये. तिसरीतही नाही. मोठे दोघं यंदा पाचवीला बाहेर जातील. मुलगी एकटीच असेल."

ईरा बाहेर झोपाळ्यावर बसली होती. एकटीच.

संध्याकाळी रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गेले आणि निखिलला फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज येत होता. सगळं ऐकून तो हसला. "यात्रेला गेली होतीस होय! मग सोमवारी रिकामं होणारच की. आमच्याकडे शिमग्यानंतर असंच होतं." त्याचं गाव संगमेश्वरकडे आहे, त्याला हे पाळण्यापासून माहीत.

"मग आधी का नाही बोललास?"

"तू कधी विचारलंस?"

मी तारीख सांगितली होती, यात्रा आहे हेही सांगितलं होतं. त्याने ऐकलं होतं, आणि ऐकून सोडून दिलं होतं. या चार दिवसांत मला सगळ्यात एकटं वाटलं ते त्या चढावर. रिकाम्या गावामुळे नाही. मी नऊ वर्षांच्या सोबत्याला फोन लावून तिथे उभी होते आणि तो म्हणत होता, "बरं, येताना तांदूळ मिळाला तर आण."

बाळूकाकांनी रात्रीचं जेवण स्वतः केलं, यात्रेतली उरलेली उसळ आणि भात. ओम त्यांच्या मांडीवर चढून बसला होता. त्याला घास भरवताना काका म्हणाले, "ह्या खोल्या पोरासाठी बांधल्या. तो काय येत नाय आता. तुमी भाडं नका देऊ. लाईटबिल भरा म्हंजे झालं. घरात पोरांचा आवाज असला की बरं असतं." मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

मंगळवारी परत. तांदूळ मिळाला, चांगला आहे, नवा असल्याने पाणी कमी घाला. एकूण खर्च पेट्रोलचा आणि मिसळीचा. काकांनी राहण्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर ईराने रोज स्वराचं नाव घेतलं. शेवटी पुढच्या शनिवारी आम्ही नांदिवलीला गेलो. वैशालीने जाळीचं दार अर्धं उघडलं. पाठीमागे कुकर, कानात इअरफोन. "अगं! फोन करून यायचं ना. माझा कॉल चालू आहे... ये, ये." आत बसलो. स्वरा पाठीवर बॅग लावून उभी होती, तिला ड्रॉइंगच्या क्लासला जायचं होतं. दोघी मुली एकमेकींकडे बघत टाइल्सवर पाय घासत राहिल्या. चहाही झाला, बिस्किटंही झाली, आणि वीस मिनिटांत आम्ही लिफ्टमध्ये होतो. वैशालीचं काही चुकलं नाही. माझ्या दारात शनिवारी सकाळी कोणी न सांगता आलं असतं, तर मी यापेक्षा वेगळं काय केलं असतं?

रिक्षात ईरा म्हणाली, "गावातली स्वरा वेगळी होती." मी म्हटलं, "गावातली आई पण वेगळी होती, नाही?" ती खरोखर विचार करून "हो" म्हणाली.

तर ज्यांना मुलांना घेऊन गावात राहायला जायचंय, त्यांनी जरूर जा. फक्त गाव बघायला बुधवारी जा. आम्ही नाही जात आहोत. मला जे आवडलं ते गाव नव्हतं, ती सुट्टीवर आलेली माणसं होती, आणि ती सगळी माझ्याच पिनकोडात राहतात. हे समजल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

काल बाळूकाकांना फोन केला. बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती, पण एवढंच बोलले, "काका, सध्या काही जमेलसं वाटत नाही."

"बरं," ते म्हणाले. "मला वाटलंच व्हतं. पोरीला हितं कोण हाय खेळायला. काय नाय, फुडच्या यात्रेला या. खोली झाडून ठेवतो."

"नक्की येतो काका," मी म्हणाले, अगदी मनापासून. आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं, की त्यांचा मुलगाही विठ्ठलवाडीहून फोनवर हेच म्हणत असणार, आणि तोही मनापासूनच.