आयल्बेकच्या भिंतीवरचा निरोप

माझा धाकटा भाऊ डेटलेफ बॉम्बफेकी विमान चालवायचा. रजेवर आला की माझ्या स्वयंपाकघरात सातूची कॉफी पीत फुशारक्या मारायचा, "ताई, वरून माणसं दिसतच नाहीत. नुसती आग दिसते."

"आणि आग काय आपोआप लागते, मूर्खा?" मी म्हणायचे. त्याची बायको इर्मट्राउट हसायची, छोटी झिल्के त्याची टोपी घालून टेबलाखाली रांगायची.

एकदा मात्र तो गंभीरपणे म्हणाला, "या दोघींना काही झालं ना, तर मी विमान सरळ समुद्रात घालीन." विमानात त्याच्याबरोबर आणखी तिघं असत. त्यांनाही आया होत्या.

त्रेचाळीसच्या जुलैत इंग्रजांच्या बॉम्बहल्ल्यांत हॅम्बुर्ग जळलं. शहराच्या आयल्बेक भागातल्या डेटलेफच्या घराची फक्त पुढची भिंत उरली. वाचलेली माणसं तेव्हा अशा भिंतींवर खडूनं निरोप लिहून ठेवत: अमुक जिवंत, तमुक गावी. या भिंतीवर काहीच नव्हतं. तळघर उपसणाऱ्यांनी मला इर्मट्राउटची अंगठी दाखवली. पोरीचं विचारायची माझी हिंमत होईना. त्यांनीच नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी डेटलेफ येणार होता. मी खडू घेतला आणि लिहिलं, "इर्मट्राउट आणि झिल्के जिवंत. खेड्यात पाठवलं आहे." माझं म्हणून ओळखू येऊ नये, म्हणून अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. लाज वाटत होती, तरी लिहिलं.

ते वाचून तो ढसाढसा रडला.

"कुठलं खेडं, ताई?"

"कळेल रे. हजारो माणसं पांगलीत. जरा धीर धर."

रजा संपेपर्यंत तो गावोगाव फिरला आणि पुन्हा विमानात जाऊन बसला. दर पत्रात विचारायचा, काही कळलं का? मी लिहायचे, शोध चालू आहे. पुढच्या हिवाळ्यात तो एकोणीस वेळा लंडनवर गेला आणि एकोणीस वेळा परत आला. मी, आंधळी, देवाचे आभार मानत होते.

पंचेचाळीसच्या शरदात, युद्ध संपल्यावर, शत्रूच्या कैदेतून सुटून तो माझ्या दारात उभा राहिला. नुसता हाडांचा सापळा. झिल्केसाठी चिंधीत बांधलेली साखर त्यानं टेबलावर ठेवली. आता मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

"का केलंस असं?"

"तू जगावास म्हणून."

त्यानं साखरेची चिंधी उचलून मुठीत धरली.

"बॉम्ब टाकून झाले की मी दर वेळी म्हणायचो, चला, आता झिल्केकडे," तो म्हणाला. "एकोणीस वेळा, ताई. खाली किती झिल्के होत्या गं?"