गणपतची उसण

बर्फातल्या पोस्टवर महाडकडचे आम्ही दोघेच होतो. मी हवालदार, गाव वरंध. नाईक गणपत कुडपणचा. रेडिओ सेटवर दिवसभरात ‘ऑल ओके, ओव्हर’ याखेरीज फारसं काही येत नसे. उरलेला वेळ गणपत आपल्या म्हशींबद्दल बोले. मी ऐके.

रजेवर उतरायच्या आदल्या दिवशी त्याच्या मानेवर गळू दिसलं. त्याने ते पिनेने फोडलं.

“एमआय रूममध्ये डॉक्टरला दाखव.”

“गळवासाठी, दादा? लीव्ह कॅन्सल होईल.”

फौजेत गोळी लागली तर जखम. गळू म्हणजे कामचुकारपणा. त्याने वर पट्टी चिकटवली आणि आम्ही खाली आलो.

आठवड्याभराने त्याचा फोन आला. पाठ धरली होती. मी कुडपणला गेलो. तो ओसरीवर पालथा पडला होता. अंगात कणकण होती. घरच्यांचं निदान तयार होतं : उसण भरली. आमच्याकडे उसणीवर उपाय एकच, पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला पाय लावायचा. शेजारची चंद्राकाकी पायाळू. अख्ख्या वाडीचा हाडांचा दवाखाना तिच्या डाव्या टाचेत होता.

तिने टाच टेकवली तसा गणपत म्हणाला, “काकी, हळू गो. सरकारी माल हाय.”

“गप रे मेल्या. सरकारनं वाकवलंय, मी सरळ करते.”

सगळे हसले. ओझी वाहणाऱ्याची पाठ दुखली, तर कारण शोधायला कोण जातो? मानेवरच्या खपलीकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपत म्हणाला, “दादा, पाय उठतच नाय.”

रेंज मिळते त्या कातळावर जाऊन मी युनिटच्या डॉक्टरांना फोन लावला.

“सर, नाईक गणपत. ताप, पाठदुखी. पाय हलत नाहीत.”

“लघवी?”

“सकाळपासून नाही.”

“अलीकडे जखम, गळू?”

“मानेवर, सर.”

“जंतू रक्तातून मणक्यात गेले असावेत. तिथे पू साचला की मज्जारज्जू दाबला जातो. आडवा ठेवूनच हलवा. एमआरआय आणि सर्जन असेल तिथे. आत्ता.”

“रॉजर, सर.”

जीपमध्ये फळीवर त्याला बांधलं. घाटात तो एकदाच बोलला. “पाय गेले तर म्हशी कोण बघल?” महाडला सलाईन आणि इंजेक्शनं सुरू झाली. तिथून मुंबई. ऑपरेशन झालं, पू निघाला. पाय परत आले नाहीत. विष अंगभर पसरलं होतं. त्याच आठवड्यात गणपत गेला.

तालुक्याच्या गावी दरवर्षी समारंभ होतो. माजी सैनिकांना शाली मिळतात, पाहुणे रक्ताच्या थेंबाथेंबावर बोलतात. वीरांच्या फलकावर गणपत नाही. गळवाने गेलेल्याला काय म्हणावं, यावर समितीचं एकमत झालं नाही. माझी शाल तिथेच राहते. त्या दिवशी मी कुडपणला असतो.

चंद्राकाकी आता कुणाच्याच पाठीला पाय लावत नाही. पाठ धरलेला कुणी आला, की उंबऱ्यावरच विचारते, “ताप हाय काय रे? गळू-बिळू झालं होतं? पाय जड वाटतात?” एका प्रश्नाला जरी ‘हो’ आलं, तरी त्याला बसू देत नाही. थेट दवाखान्यात धाडते.

मलाही दरवर्षी विचारते.

“नाय, काकी.”

“मग बस.”

आम्ही ओसरीवर बसतो. म्हशींबद्दल कुणी बोलत नाही.