सागवानात खिळा नाही

रविवार कारंज्याजवळच्या आमच्या कापडदुकानाचं छत आजोबांच्या वेळचं, कोरीव सागवानी. नव्वदच्या दशकात शेजाऱ्यांनी एसी बसवले, तेव्हा मीही ते झाकून खाली फॉल्स सीलिंग करायला काढलं.

सुतारमिस्त्री पेठ तालुक्याकडचा. कुठलंही लाकूड दिसलं की आधी बोट वाकवून टकटक करायचा, कान लावायचा, मग टेप काढायचा.

"वरचं काढूनच टाकू का?" मी विचारलं.

"नाय शेठ. लय जुनं हाय. राहू द्या."

आणि चार दिवसांचं काम पंधरा दिवस करत बसला. मी वैतागून नको ते बोललो. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुढची रेघ मारली.

दहाबारा वर्षांनी एसीचं पाणी गळून ते सीलिंग फुगलं, म्हणून उतरवलं. वर सागवान जसंच्या तसं! एक खिळा नाही, एक भोक नाही. सगळा भार त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकलेल्या वाशांवर घेतला होता. असं छत गल्लीत आता आमच्याकडेच उरलंय.

त्याला मुद्दाम बोलावलं. त्याने शिडी मागितली, वर चढून टकटक केलं, कान लावला. उतरताना पहिल्यांदाच हसला.

"ठाऊक व्हतं मला, शेठ. कधीतरी तुम्हीच उघडाल."