चेंबरवरची खुर्ची

रशीदभाऊ गेले. आता चेंबरवर बसायचं कोणी?

हसू नका. आधी ऐका.

नातीनं मला मोबाईलवर टाईप करायला शिकवलं, म्हणून मी भलतीच खूश होते. शाळा दुसरीपर्यंतच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण पहिलीच पोस्ट अशी लिहावी लागेल असं वाटलं नव्हतं.

लोणावळ्याच्या बाजारात माझा पापड-कुरडयांचा गाळा. शेजारी भाऊंचा, छत्र्यांचा. आम्ही दोघंही कार्ल्याचे, म्हणून मी त्यांची आक्का.

तर उन्हाळ्यात एक मॅडम आल्या. पायात गमबूट. बरोबर कॉलेजची पोरं, लांब काठी आणि टेप.

"काय पायजे?" भाऊ.

"काका, इथला गाळ मोजायचाय."

भाऊंना ऐकू आलं, गाळे. मलाही तेच!

गाळे मोजायला आले म्हणजे उद्या पाडायला येणार. दुसरं काय? आमचं पोट त्या गाळ्यांवर.

"कुनी धाडलं तुमाला?"

"रिसर्च आहे काका. कुठे किती साचलाय ते बघतोय."

भाऊ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ऐक गं आक्का. आपुन हितं साचलोय म्हनं!"

पोरं सारखी गटाराच्या चेंबरकडे बघत होती. म्हणजे डाव तिथंच. भाऊंनी प्लास्टिकची खुर्ची नेली, झाकणावर ठेवली आणि बसले. मी चहा पुरवला. पहारेकऱ्याला चहा नको?

शेवटी मॅडमनी खाली बोट दाखवलं. "काका, गाळा नाही हो. गटारातला गाळ! तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

सगळा बाजार हसला. भाऊ उठले. झाकण उघडलं, काठी आत गेली, काळा चिखल वर आला. तो मॅडमनी चक्क बाटलीत भरला. आणि वास! मी कुरडया झाकायला पळाले.

मला वाटलं, संपलं.

"न्हाई आक्का," भाऊ म्हणाले. "आज गाळ मोजला. उद्या म्हनतील, ह्या गाळ्यांमुळंच साचला. मग?"

मग मलाही पटलं. मी मॅडमना सरळ विचारलं, "आमचे गाळे जाणार का?"

"ते माझ्या हातात नाही, मावशी. मी फक्त गाळ मोजते. पावसाळ्यानंतर परत येऊ."

हे काय उत्तर झालं? खोटं तरी गोड बोलायचं.

तेव्हापासून खुर्ची चेंबरवरच. सगळा पावसाळा भाऊंनी तिथंच बसून छत्र्या विकल्या, स्वतः भिजत.

भिजून भिजून आजारी पडले. काल मी दवाखान्यात भेटायला गेले तर त्यांचा आवाज निघत नव्हता. तरी म्हणाले, "आक्का, खुर्ची हलवू नको."

आज पहाटे गेले. दुपारी माती दिली.

संध्याकाळी मी बाजारात आले. सगळी शटर खाली. आणि बघते तर मॅडम! काठीसकट. एका पोरानं खुर्चीला हात घातलेला.

मी जाऊन बसलेच.

"मावशी, काका कुठे?"

सांगितलं.

मॅडमनी काठी खाली ठेवली. भाऊंच्या गाळ्याच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या येऊ?"

"उद्या या. उद्या उठते मी. आजचा पहारा भाऊंचा."

गेली बिचारी. पण जाताना वळून झाकणाकडे बघत होती. बघितलं मी.

भाऊ, गाळा शाबूत आहे.

निवांत झोपा.